सुजाताचं रक्त आणि जब्याचा दगड



मी सिनेमावेडा माणूस आहे. जुना, नवा, आपल्याकडचा, बाहेरचा, काहीही चालतं. पण सिनेमा संपला की एक प्रश्न विचारतो: यात किंमत कोणी मोजली?

१९३६ साली बाबासाहेबांचं लाहोरला होऊ न दिलेलं भाषण, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, छापून आलं. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांचं प्रेम. लग्न मात्र होत नाही. शेवटी फाटकात मारामारी करणाऱ्या पुरुषांना वाचवायला कस्तुरी गाडीपुढे धावते आणि मरते. बाबासाहेब जात मोडा म्हणत होते. सिनेमा आपल्याला रडायला सांगत होता.

१९५९ चा बिमल रॉय यांचा ‘सुजाता’. नूतनचं काम आजही बघत राहावं असं. ब्राह्मण घरात वाढलेल्या सुजाताला तिथली आई मनापासून मुलगी कधी मानते? आई जिन्यावरून पडते आणि सुजाताचंच रक्त तिला जुळतं, तेव्हा. सख्ख्या मुलीला, रमाला, काहीच सिद्ध करावं लागत नाही.

मित्रांनो, घरातले पहिले पदवीधर म्हणून आपण वर्गात, ऑफिसात रोज हेच रक्त देतो. पहिले आलो तर ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’. एका पेपरात राहिलो तर सगळी जात नापास.

आता अमेरिकेत जाऊ. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने कु क्लक्स क्लॅनला नायक केलं. १९२० मध्ये ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाचा ‘विदिन अवर गेट्स’ आला. मिशोचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. नायिका सिल्विया शिक्षिका आहे. काळ्या मुलांची शाळा टिकावी म्हणून पैसे जमवत फिरते. गोऱ्या जमावाने तिच्या आईवडिलांना कसं मारलं, हे मिशो पडद्यावर दाखवतो. पैसे शेवटी गोऱ्या श्रीमंत बाईकडून येतात, हे मला खटकतं. पण सिल्विया मरत नाही, ती जगते. गोष्ट सांगणारा बदलला की शेवट बदलतो.

आपल्याकडे तो बदल नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त, २०१३ साली दिसला. जब्या काही आदर्श मुलगा नाही. त्याला जीन्स हवी, काळी चिमणी हवी, शालू हवी. डुकरं पकडायच्या कामातून तो पळ काढतो. त्याची टिंगल होते आणि शेवटी तो दगड भिरकावतो, थेट आपल्याकडे. त्या रागासाठी त्याला आधी गुणी असल्याचा दाखला द्यावा लागत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. ‘सुजाता’ जरूर बघा, नूतनसाठी बघा. पण तिच्यासारखं जगायचं ओझं घेऊ नका. माणूस म्हणून वागवून घ्यायला टक्केवारी लागत नाही, रक्तही लागत नाही. आणि तुमच्यापैकी ज्याच्या हातात कॅमेरा येईल, त्याने आपल्या माणसांना थोडं चुकू द्यावं, चिडू द्यावं आणि शेवटपर्यंत जगू द्यावं.

जय भीम.