कमरेचं हाड खरंच सरकतं का?

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल, तर आधी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्या. हं, आता ऐका.

आज कबुली द्यायची आहे. मी फिजिओथेरपिस्ट. सुरुवातीच्या काळात कंबर दुखते म्हणून आलेल्या बहुतेकांना मी सांगायचे, 'तुमचा पेल्विस सरकलाय, म्हणून एक पाय आखूड वाटतोय.' झोपवायचं, टाचा जुळवून बघायच्या, 'कट्' असा आवाज काढायचा. पेशंट खूश, मीही खूश.

मग आयटीतली एक मुलगी आली. तिलाही हेच सांगितलं. दोन महिन्यांनी आली तेव्हा ती वाकताना भिंत धरत होती, भाच्याला उचलणं तिने बंद केलं होतं. का? तर 'ताई, हाड परत सरकेल ना!' दुखणं तिचं होतं, पण ही भीती मी दिलेली.

मग मी वाचायला बसले. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड पेल्विसला जिथे जोडलेलं असतं, तो सांधा जाड अस्थिबंधांनी करकचून बांधलेला असतो. हलतो जेमतेम दोन-तीन अंश. १९९८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी १० रुग्णांवर हा 'कट्'वाला उपचार केला आणि आधी-नंतर खास एक्स-रेने मोजमाप घेतलं. हाताने तपासणाऱ्यांना वाटलं, हाड जागेवर आलं. मोजमापात ते तसूभरही हललं नव्हतं!

अपघातात पेल्विस मोडला तर गोष्ट वेगळी. आणि आराम खोटा नसतो हं. आखडलेले स्नायू सैलावतात, बरं वाटतं. उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ खायचे, त्यानेही कुणाकुणाला बरं वाटायचंच की.

मग तिला काय शिकवलं? पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर हळूच उचलायची. रांगायच्या स्थितीत उजवा हात पुढे, डावा पाय मागे, पाच-सात सेकंद थांबायचं; मग बाजू बदलायची. रोज चालणं. आणि मुख्य म्हणजे वजन उचलणं: आधी दोन लिटरची बाटली, मग पाच किलो तांदळाची पिशवी. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर एक पायरी खाली यायचं.

एक मात्र गंभीरपणे सांगते. लघवी अडली किंवा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर व्यायाम नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तरी डॉक्टरांना दाखवा.

तीन महिन्यांनी तिने भाच्याला क्लिनिकमध्येच आणलं. अकरा किलोचं गाठोडं! उचलताना श्वास रोखून धरला होता बाईने. म्हटलं, 'अगं, श्वास सोड आधी.' तोवर तो तिच्या कडेवर बसून माझा चष्मा ओढत होता.

पुढच्या भागात मानेबद्दल बोलू. तोवर फोन जरा वर धरा!