गोळ्या आत भेटतील का?

वणीतून बोलतोय. आजचा भाग छोटा आहे, पण शेवटपर्यंत ऐका. कधी कोणाच्या कामी येईल सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कोर्टाजवळच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. आमच्या गल्लीतली एक काकू आली. पोरगा आदल्या दिवशी न्यायालयीन कोठडीत गेलेला, त्याला फिटचा त्रास. काकूच्या हातात गोळ्यांची पिशवी. म्हणाली, "बाबू, ह्या गोळ्या त्याले आत भेटतील का रे?" मी म्हणालो, "जेलात डॉक्टर असतो काकू, ते पाहून घेतील." आणि निघून गेलो.

आठ दिवसांनी कळलं, पोराला आत दोनदा फिट आली. पिशवी काकूच्या घरीच होती. तेव्हा लाज वाटली आणि मग मी वाचायला बसलो.

पहिली गोष्ट आपल्या मराठीशीच जोडलेली आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणूवर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली संझगिरी जिंकले. अर्थ साधा आहे: कायद्याने जेवढं काढून घेतलं तेवढंच जातं, बाकीचे हक्क कैद्याकडेच राहतात. मग कलम २१ मधला जगण्याचा हक्क तर राहणारच. आणि औषधाशिवाय जगणं कसलं?

आता अलीकडचं. कवी वरवरा राव तळोजा तुरुंगात होते, वय ऐंशीच्या पुढे, तब्येत ढासळलेली. घरचे मुंबई उच्च न्यायालयात गेले. आधी खाजगी दवाखान्यात हलवायचा आदेश मिळाला, मग २२ फेब्रुवारी २०२१ ला सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन. त्याच तुरुंगातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी मात्र ५ जुलै २०२१ ला गेले. जामिनाचा अर्ज तेव्हा कोर्टातच होता.

आणि आपल्या बाजूचं. गडचिरोलीचा पांडू नरोटे, वय ३३, नागपूर तुरुंगात होता. तापाने आजारी पडला आणि २५ ऑगस्ट २०२२ ला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात वारला. उपचाराला उशीर झाला, असा वकिलांचा आरोप होता. पन्नास दिवसांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच खटल्यातल्या बाकीच्यांना निर्दोष सोडलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी करायला लावली, तरी ५ मार्च २०२४ ला निकाल तोच लागला. पांडू तो ऐकायला नव्हता.

म्हणजे निकालापेक्षा वेळ महत्त्वाचा. तर काय करायचं?

एक, जुनी चिठ्ठी, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळ्याची झेरॉक्स काढा. दोन, ज्या कोर्टात केस आहे तिथेच लेखी अर्ज द्या: औषध सुरू ठेवा, सरकारी दवाखान्यात तपासणी करा, जेलकडून वैद्यकीय अहवाल मागवा. अर्जाची पोच घ्या. तीन, वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा, नाहीतर १५१०० ला फोन करा. चार, खाली ऐकलं नाही तर नागपूर खंडपीठ आहे. आजारी माणसाला जामीन देताना कोर्ट आजाराचा विचार करू शकतं, हेही लक्षात ठेवा.

काकूने असाच अर्ज दिला. कोर्टाने अहवाल मागवला, गोळ्या सुरू झाल्या. पोराची केस अजून चालू आहे. तो दोषी की निर्दोष, मला माहीत नाही. गोळीचा आणि त्याचा संबंध नाही, एवढं मात्र आता कळलंय.

आता मला कोणी विचारलं तर "पाहून घेतील" म्हणत नाही. म्हणतो, "चिठ्ठी घेऊन ये, आपण अर्ज लिहू."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.