बंदुकीची स्वस्त तिजोरी : घ्यावी कीं न घ्यावी?

दागिने ठेवण्याची तिजोरी आणि बंदूक ठेवण्याची तिजोरी ह्या दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचें काम सारखें नाहीं. दागिने चोरीस गेले म्हणजे ज्याचे गेले त्याचेंच नुकसान होतें. बंदूक चोरीस गेली, अगर घरांतल्याच एखाद्या अजाण हातीं पडली, तर नुकसान कोणाचें होईल ह्याचा नेम राहत नाहीं. म्हणून दागिन्यांची तिजोरी घेतांना गृहस्थ जो हिशेब करतो, तोच बंदुकीच्या तिजोरीस लावून चालत नाहीं. स्वस्तांतली बंदुकीची तिजोरी घ्यावी कीं न घ्यावी, ह्या प्रश्नाचा विचार आजच्या भाषणांत ह्याच दृष्टीनें करावयाचा आहे.

शहरांतील श्रोत्यांस हा प्रश्न प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. भारतांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं, आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनें सामान्य परवानेदारास दोनांहून अधिक अग्निशस्त्रें ठेवण्याची मुभा राहिलेली नाहीं. तरीही शेताच्या राखणीसाठीं घेतलेली, अगर वडिलांच्या मागें मुलाच्या नांवावर झालेली बंदूक कांहीं घराण्यांत आहेच. शिवाय ज्यांचीं मुलेंनातवंडें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या शेजारपाजारच्या घरांत तर बंदूक ही नवलाची वस्तु नव्हे. ह्या तिजोऱ्यांचा मोठा बाजारही त्याच देशांत भरलेला आहे. तेव्हां आधीं तेथील माल पाहावा, आणि मग इकडच्या घराकडे वळावें, हें सोयीचें होईल.

अमेरिकेंतील दुकानांत शेंदोनशें डॉलरांच्या पत्र्याच्या कपाटापासून कित्येक हजार डॉलरांच्या जाड पोलादी तिजोरीपर्यंत सर्व प्रती मिळतात, आणि बहुतेकांवर नांव एकच असतें : 'गन सेफ'. नांव एक असल्यामुळें गुणही एकच असावेत, फरक काय तो किंमतीचा, असा गिऱ्हाइकाचा समज होतो. 'ही तिजोरी चांगली आहे काय?' असें तो दुकानदारास विचारतो. खरें पाहतां त्यानें आधीं स्वतःस विचारावयास हवें, कीं ही तिजोरी कोणापासून रक्षण करण्यासाठीं घ्यावयाची आहे? कारण बंदुकीच्या तिजोरीस चौघांना तोंड द्यावें लागतें : चोर, आग, दमट हवा, आणि चौथें घरांतलें माणूस. स्वस्त तिजोरीची किंमत ह्या चौघांपुढें चार प्रकारची ठरते.

प्रथम चोर घेऊं. तिजोरीच्या पत्र्याची जाडी 'गेज' ह्या मापानें सांगतात, आणि हें माप उलटें चालतें. आंकडा वाढला कीं जाडी घटते. १८ गेजचा पत्रा सुमारें १.२ मिलीमीटर, १४ गेजचा सुमारें १.९, १२ गेजचा सुमारें २.७ आणि १० गेजचा सुमारें ३.४ मिलीमीटर जाड असतो. स्वस्त कपाटें बहुधा १८ ते १४ गेजच्या पत्र्याचीं असतात. एखाद्या तिजोरीचें दार चार बोटें जाड दिसलें, तरी तें सगळें पोलाद नव्हे. पातळ पत्रा दुमडून त्याच्या पोटांत जिप्समचे तक्ते भरलेले असतात. दाराच्या कडांतून बाहेर येणारे दहाबारा अडसर पाहून गिऱ्हाईक खूष होतें. परंतु अडसर मनगटाएवढा असला, तरी तो ज्या चौकटींत अडकतो ती पातळ पत्र्याची असेल, तर पहार घालतांच अडसर शाबूत राहून चौकटच वांकते.

माल पारखणारी अमेरिकेंतील जुनी संस्था म्हणजे १८९४ सालीं सुरू झालेली अंडररायटर्स लॅबोरेटरीज. घरगुती तिजोरीसाठीं तिची जी प्राथमिक कसोटी आहे, तींत एक माणूस हातोडा, पेंचकस, पहार, गिरमिट अशीं हातचीं साधनें घेऊन पांच मिनिटें तिजोरी फोडूं पाहतो. तेवढ्या वेळांत ती फुटली नाहीं म्हणजे उत्तीर्ण. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं ह्या कसोटीस उतरलेल्या पेटीस ती संस्था 'सेफ' म्हणतच नाहीं. 'घरगुती सुरक्षेचें पात्र' अशा अर्थाचें नांव देते. पंधरा व तीस मिनिटांच्या कसोट्या त्याच्या वरच्या, आणि त्या मालाची किंमतही तशीच वरची. पुष्कळ स्वस्त कपाटांवर तर त्या पांच मिनिटांचीही खूण नसते.

ह्याचा अर्थ स्वस्त कपाट चोरापुढें निरुपयोगी असा नव्हे. खिडकींतून शिरून हातास लागेल तें उचलणाऱ्या घाईच्या चोरास तें थोपवूं शकतें. ज्याच्यापाशीं तासभर वेळ आणि मोठी पहार आहे, त्यास थोपवूं शकत नाहीं. मात्र ह्यास एक अट आहे. कपाट भिंतीस व जमिनीस आंतून बोल्टांनीं जखडलेलें असावें. नुसतें उभें ठेवलेलें हलकें कपाट दोघे जण उचलूनच नेतात, आणि न नेलें तरी आडवें पाडतात. आडव्या पडलेल्या कपाटावर पहारेस जोर मिळतो, उभ्या व कोपऱ्यांत जखडलेल्यावर तो मिळत नाहीं.

दुसरी आग. आगीपासून रक्षण करणाऱ्या तिजोरींत जिप्सम घालतात, कारण शुद्ध जिप्समच्या वजनांत सुमारें एक पंचमांश पाणी बांधलेलें असतें. उष्णता लागली म्हणजे तें वाफ होऊन निघून जातें आणि तेवढा वेळ आंतील उष्णता वाढूं देत नाहीं. साध्या पत्र्याच्या कपाटांत जिप्सम नसतेंच. घरास आग लागली, तर असें कपाट भट्टीसारखें तापेल. जेथें थोडा जिप्सम असतो, तेथें दारावर 'इतक्या अंशांस इतकीं मिनिटें' असें छापलेलें आढळतें. परंतु ती परीक्षा स्वतंत्र संस्थेनें घेतली कीं कारखानदारानें स्वतःच घेतली, हें वाचल्याशिवाय त्या आंकड्यांवर भिस्त ठेवूं नये. आगीसाठीं म्हणून स्वस्त कपाट घेणें व्यर्थ होय. त्या भीतीचा उपाय विम्यांत शोधावा, आणि दस्तऐवज त्यांत ठेवूं नयेत.

तिसरी दमट हवा. येथें मात्र गंमत अशी, कीं महागड्या तिजोरीहून साधें कपाट कधीं कधीं बरें ठरतें. जिप्समच्या अस्तरांतील ओलावा बंद तिजोरींत कोंडून राहतो आणि नळीवर गंज चढवतो. साध्या कपाटांत अस्तर नसल्यानें तो त्रास नाहीं. तथापि कोंकणांतल्या पावसाळ्यांत कोणत्याही कपाटांत ओल शोषणारी सिलिका जेलची पिशवी ठेवावी, ती वरचेवर वाळवावी, आणि बंदूक चामड्याच्या म्यानांत घालून आंत ठेवूं नये; चामडें ओल धरतें.

आतां चौथें, घरांतलें माणूस. मूल, तापट तरुण, कोणी पाहुणा, अगर आयुष्यास विटलेला एखादा जीव. अमेरिकेंत २०२२ सालीं बंदुकीनें सुमारें ४८,००० माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें २७,००० जणांनीं स्वतःचा जीव घेतला. हा आंकडा ऐकून थांबावें लागतें. बंदूक परक्यासाठीं म्हणून घरांत येते, आणि तिची झळ घरच्यांसच अधिक लागते. निराशेचा झटका पुष्कळदां थोड्या वेळाचा असतो. तो ओसरेपर्यंत साधन हातीं न आलें, तर माणूस वांचतो आणि त्यास आप्तांची व वैद्यांची मदत मिळूं शकते.

'आमच्या घरीं बंदूक कोठें आहे हें मुलांस ठाऊकच नाहीं,' असें पुष्कळ आईबाप सांगतात. अलाबामा संस्थानाच्या ग्रामीण भागांत ह्याची चौकशी झाली, ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली आहे. जे आईबाप असें सांगत होते, त्यांपैकीं शेंकडा ३९ जणांचीं मुलें ती जागा आपल्यास ठाऊक असल्याचें सांगत होतीं. लपवणें म्हणजे कुलूप लावणें नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षीं, २००५ सालीं, अमेरिकन वैद्यक-परिषदेच्या नियतकालिकांत दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदुकीस कुलूप असणें, ती भरलेली नसणें, काडतुसांस कुलूप असणें, आणि काडतुसें बंदुकीपासून वेगळीं असणें, ह्या चारही गोष्टींपैकीं प्रत्येकीच्या जोडीला मुलांच्या आत्महत्येचा व अपघाताचा धोका कमी आढळला. ह्या चारांपैकीं एकीलाही जाड पोलाद लागत नाहीं, हें लक्ष्यांत घ्यावें. येथें स्वस्त कपाट आपल्या किंमतीच्या अनेकपट काम करतें.

परंतु तें काम सर्वस्वीं कुलुपावर अवलंबून आहे, आणि स्वस्त मालांत खोट असते ती नेमकी येथेंच. बोटाचा ठसा ओळखून उघडणाऱ्या पेट्या आतां थोड्या पैशांत मिळूं लागल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन-सुरक्षा आयोगानें अशा सुमारें ६१,००० पेट्या परत बोलावल्याचें जाहीर केलें. ज्यांचा ठसा नोंदलेला नाहीं अशा बोटांनींही त्या उघडल्याच्या ३९ तक्रारी आल्या होत्या, आणि एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचाही त्यांत उल्लेख होता. मालकाच्या मनांत मात्र 'बंदूक कुलुपांत आहे' ही निश्चिंती होती! आंकडे दाबून उघडण्याच्या कांहीं स्वस्त कुलुपांतही आंतील विजेची खुंटी इतकी सैल असते, कीं कपाटाच्या माथ्यावर मूठ आपटीत मूठदांडा फिरवला तर दार उघडतें. दुकानांतच तसें करून पाहावें. दुकानदार नको म्हणाला, तर तेंच उत्तर समजावें. पेटीस विजेचें कुलूप आणि किल्लीचें कुलूप अशीं दोन्हीं असतील, तर चोरास व मुलास दोन वाटा आहेत हेंही विसरूं नये. थोड्या पैशांत साधें, घट्ट, चांगल्या किल्लीचें कुलूप मिळतें. चांगलें यंत्र मात्र मिळत नाहीं.

स्वस्त तरीही पुरेसें कपाट कसें असतें, ह्याचा नमुना ब्रिटनमध्यें पाहावयास मिळतो. तेथें परवाना देण्यापूर्वीं बंदूक कोठें ठेवणार ह्याविषयीं पोलिसांची खात्री व्हावी लागते. त्यासाठीं सर्रास वापरतात तें साधें पोलादी कपाट असतें. पत्रा सुमारें २ मिलीमीटर, कुलुपें किल्लीचीं, आणि कपाट भिंतीस जखडलेलें. आगीचें अस्तर नाहीं, झगमगाट नाहीं. किल्ली मात्र परवानेदाराखेरीज दुसऱ्याच्या हातीं जातां कामा नये. पत्नीच्या नांवावर परवाना नसेल, तर तिच्याही नाहीं. कपाट साधें आणि शिस्त कडक, असा तो व्यवहार आहे.

इकडच्या घरांत हाच व्यवहार अधिक सोपा आहे. बंदुका फार तर दोन. तेव्हां चोवीस बंदुकांची म्हणून विकली जाणारी, आणि दुर्बीण लावलेल्या बाराही मुश्किलीनें मावणारी परदेशी तिजोरी येथें हवी कोणास? शिवाय भिंत विटांची अगर काँक्रीटची असल्यामुळें बोल्ट पक्का बसतो. नुसत्या रूढीनें बंदूक त्या लोखंडी कपाटांत ठेवली जाते, ज्यास घरोघर 'गोदरेज' म्हणतात. पण त्या कपाटांत शालू असतात, शाळेचे दाखले असतात, बँकेचीं पुस्तकें असतात. दिवसांतून चारदां तें उघडतें, आणि त्याची किल्ली देवघराच्या खुंटीवर आहे हें सहा वर्षांच्या नातवासही ठाऊक असतें. कपडे ठेवण्यास तें उत्तम. बंदुकीस वेगळें अरुंद कपाट हवें. चांगल्या कारागिराकडून २ मिलीमीटर अगर त्याहून जाड पत्र्याचें, बिजागऱ्या आंतल्या बाजूस असलेलें, पाठीस व तळास बोल्टांचीं भोकें ठेवलेलें कपाट करून घेतां येतें. काडतुसांसाठीं आंत निराळा, निराळ्या किल्लीचा खण असावा. तो दुसऱ्या खोलींत असला तर अधिकच बरें. २०१६ च्या शस्त्र-नियमांत परवान्याच्या अर्जाबरोबर शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून देण्याची तरतूद आहे. ही हमी नुसती सहीपुरती राहूं नये, ह्याची जबाबदारी सही करणाराचीच आहे.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर असें. चोरांच्या टोळीपासून अगर आगीपासून वांचवील ह्या आशेनें स्वस्त तिजोरी घेऊं नये. त्या आशेपोटीं दिलेले पैसे फुकट जातात, आणि खोटी निश्चिंती मात्र घरांत येते. परंतु मुलाच्या हातापासून, रागाच्या क्षणापासून आणि घाईच्या चोरापासून बंदूक दूर ठेवावी एवढ्यासाठीं, किल्लीचें चांगलें कुलूप असलेलें, भिंतीस जखडलेलें साधें कपाट अवश्य घ्यावें. 'पुढें पैसे साठले म्हणजे मोठी तिजोरी घेऊं' असें म्हणून बंदूक तोंवर पलंगाखालीं ठेवणारा गृहस्थ काटकसर करीत नाहीं. तो रोज एक धोका पत्करतो. ज्यास कपाटही आज परवडत नसेल, त्यानें बंदूक रिकामी करून तिच्या यंत्रांतून जाणारें तारेचें कुलूप लावावें आणि काडतुसें दुसरीकडे कुलुपांत ठेवावीं. आणि ज्या घरांत बंदुकीचें काम उरलेलेंच नाहीं, केवळ वडिलांची आठवण म्हणून ती राहिली आहे, तेथें रीतसर अर्ज करून ती परवानेदार विक्रेत्याकडे अगर पोलिस-ठाण्यांत जमा करण्याचा मार्ग मोकळा आहे. मग तिजोरीच्या खर्चाचा प्रश्नच उरत नाहीं.