मोऱ्या, मासे आणि कालवे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीस लागून असलेल्या व्हॉटकॉम काउंटीत, रस्त्यांखालील कित्येक जुन्या मोऱ्यांचे तोंड ओढ्याच्या पातळीहून उंच, अधांतरी राहिल्यामुळे, समुद्रातून आपल्या जन्मस्थानी अंडी घालण्यास परतणारा सॅमन मासा तेथेच अडून राहतो. म्हणून स्थानिक प्रशासन अशा मोऱ्या काढून, तळाशी वाळूगोट्यांचे नैसर्गिक पात्र राखणाऱ्या रुंद मोऱ्या वा पूल बांधीत आहे. तेथीलच ड्रेटन हार्बर या उपसागरात गुरांच्या शेणामुताने आणि गळक्या मैलाटाक्यांनी पाणी दूषित होऊन कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढण्यास मनाई झाली होती. १९९५ साली काउंटीने संरक्षण-क्षेत्र जाहीर केले, आणि पुढील दोन दशकांच्या चिकाटीने, जी मला खरोखर स्पृहणीय वाटते, २०१६ साली मोठ्या भागातील मनाई उठली.