वासराचें रक्त आणि आमचा खरवस

मीं सदतीस वर्षें शाळेंत अंकगणित शिकविलें. तरीही आंकडा कसा वाचावा, याचा एक धडा मला चार दिवसांच्या वासराकडून मिळाला.

आमची गाय व्याली तेव्हां चीक भरपूर निघाला. वासराला चार घोट मिळाले. उरलेल्याचा खरवस आम्हीं शेजारीं वांटला. तिसऱ्या दिवशीं वासरूं हगवणीनें आडवें झालें. पशुवैद्यांनीं रक्त तपासलें. रक्तरसांतील एकूण प्रथिनें दर १०० मिलिलिटरला ५.८ ग्रॅम भरलीं. पहिल्या आठवड्यांत हा आंकडा ५.२ च्या वर असला, तर चीक पुरेसा पोंचला असें सामान्यतः समजतात. माझा जीव भांड्यांत पडला.

पशुवैद्य मात्र वासराकडे पाहत होते. डोळे खोल गेलेले. चिमटींत धरलेली कातडी लवकर बसेना. ते म्हणाले, "गुरुजी, प्रथिनें वाढलेलीं नाहींत, अंगांतलें पाणी आटलें आहे." गुळाचें पाणी आटविलें कीं गूळ तेवढाच असून गोडी वाढते, तसाच हा प्रकार. शिरेंतून क्षारजल दिल्यावर दुसऱ्या दिवशीं तोच आंकडा ४.६ निघाला.

माणसाच्या मुलाला रोगाशीं झगडणारीं प्रतिपिंडें जन्मापूर्वींच वारेंतून मिळतात. गाईच्या वारेंतून तीं गर्भाला पोंचत नाहींत. वासराला तीं चिकांतूनच घ्यावीं लागतात, आणि तीं शोषून घेण्याची आंतड्याची शक्ति सुमारें २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या कांहीं तासांतच वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, चीक पाजावा असें सांगतात.

मोठ्या जनावराच्या रक्ताचाही अर्थ असाच विचारानें लावावा. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलें कीं ग्लोब्युलिन उरतें. दोन्हीं वाढलीं तर पाणी कमी झाल्याचा संशय घ्यावा. केवळ ग्लोब्युलिन वाढलें तर जुना दाह शोधावा. अल्ब्युमिन उतरलें तर यकृत, मूत्रपिंड, आंतडें व जंत यांकडे पाहावें. एकट्या आंकड्यावरून निकाल मात्र देऊं नये.

आमचें वासरूं सहाव्या दिवशीं गेलें. त्या खरवसाची शेजारीं अजून वाखाणणी होते. मला तो पुन्हा खाववला नाहीं. आपण शहरवासी खरवस आवडीनें विकत घेतों. वासराचें पोट भरून उरेल तेवढाच चीक आपला, इतकें ध्यानांत ठेवावें, ही विनंती.