थोड्या पैशांतील डोंगरी सायकल



झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनची डांबरी सडक सोडून जो पांदणीच्या वाटेस लागला,
आणि ऐन श्रावणात काळ्या मातीचा चिखल ज्याच्या चाकांस चिकटला,
त्याला डोंगरी सायकलीचे प्रयोजन सांगावे लागत नाही.

प्रश्न उरतो तो ऐपतीचा.

दुकानात प्रथम नजर जाते पुढच्या शॉकअपवर.
परंतु स्वस्त शॉकअप वजन तेवढे वाढवतो, आणि लवकरच कुरकुरू लागतो.
त्यापेक्षा साधा, ताठ चिमटा पत्करावा;
वाचलेली रक्कम मजबूत रिम, रुंद टायर आणि खात्रीचे ब्रेक यांवर खर्चावी.

टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी हवी.
नाहीतर चिखल तेथेच थिजतो, आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते!

दांडी दोन पायांत घेऊन उभे राहावे.
पावले जमिनीवर सपाट टेकली आणि दांडीच्या वर थोडी जागा मोकळी उरली, तर माप योग्य.

गिअरचे म्हणाल, तर पुढे एक दातेरी चाक आणि मागे सहा-सात, एवढे पुष्कळ.

पुन्हा सांगतो, शॉकअपला भुलू नये.

आणि बयाणा देण्यापूर्वी, टायरच्या मापाची ट्यूब वणीच्या बाजारात मिळते काय, याची चौकशी अवश्य करावी.