टिबुकलीची भावकी



ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. गुलाबी पिसे, लांबलचक पाय, मध्येच वाकलेली चोच. आता गावतळ्यातली टिबुकली आठवा. वीतभराहून जराशी मोठी, तपकिरी, जवळजवळ बिनशेपटीची, चाहूल लागताच बुडी मारणारी. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत रोहिताचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे हे टिबुकलीचे कूळ.

रोहिताला कोणत्या घरात बसवायचे, हा वाद फार जुना. पाय पाहणारे त्याला करकोच्यांत टाकत. बोटांमधले पडदे पाहणारे आणि आवाज ऐकणारे त्याला हंस-बदकांकडे नेत. त्याच्या पिसांतल्या उवासुद्धा बदकांच्या उवांशी जुळतात. १८६७ साली जीवशास्त्रज्ञ हक्सलीने टाळूच्या हाडांवरून पक्ष्यांची विभागणी केली, तेव्हा त्याने रोहितांचा वेगळा गट करून तो या दोघांच्या मध्ये ठेवला. टिबुकलीची वर्णी मात्र लून नावाच्या पाणबुड्या पक्ष्यांशेजारी लागली होती. २००१ साली डीएनएने रोहित आणि टिबुकली यांना एकत्र आणले, तेव्हा अनेकांना ते पटेना. मग हाडे पुन्हा तपासली गेली आणि साम्ये दिसू लागली. दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो. रोहिताच्या लुप्त नातलगांचे, पॅलिलोडसचे, जीवाश्म युरोपात सापडले आहेत. त्यांच्या पायांची हाडे पोहणाऱ्या पक्ष्याची आहेत.

रूपावर विसंबून नाते ठरवता येत नाही, कारण पोट भरण्याची रीत शरीराला घडवते. ससाण्याची चोच आणि नखे शिक्र्यासारखी असली, तरी तो पोपट आणि चिमण्यांच्या शाखेजवळचा आहे. पाकोळी भिंगरीसारखी उडते. तिचे आप्त मात्र अमेरिकेतले हमिंगबर्ड.

तरीही डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे. २०१४ साली ४८ जातींच्या संपूर्ण जनुकसंचांवरून वंशवृक्ष काढला गेला. त्यात रोहित-टिबुकलीची जोडी कबुतरांच्या शेजारी आली. २०२४ साली ३६३ जाती तपासल्यावर जोडी टिकली, कबुतरांचे शेजारपण गेले. आधीची चूक अशी झाली होती: गुणसूत्रांच्या जोडीत एरवी तुकड्यांची अदलाबदल होत असते. एका गुणसूत्राच्या एका भागात ती फार पूर्वी थांबली होती, आणि तो सारा भाग एकमुखाने चुकीची साक्ष देत होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले. त्यानंतर थोड्याच काळात पक्ष्यांच्या शाखा भराभर फुटल्या. इतक्या घाईने झालेल्या वाटण्यांचा मागमूस जनुकांत पुसटच राहतो. म्हणून एका तुकड्याची चूकही मोठी ठरली. आताच्या वृक्षात शहामृगाचे गोत्र आणि कोंबड्या-बदके वगळली, तर उरलेल्या सर्व पक्ष्यांपासून सर्वांत आधी फुटलेली फांदी रोहित आणि टिबुकलीची आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या पक्षीविज्ञानाचे हे सर्वांत सुंदर काम आहे.

म्हणून मराठीत पक्षीपुस्तके लिहिणाऱ्यांना एक विनंती. पाणपक्षी, शिकारी पक्षी असे गट ओळख पटवण्यासाठी जरूर ठेवा. पण शेवटी एक वंशवृक्षही छापा, आणि त्यात टिबुकलीला रोहिताशेजारची जागा द्या.